घरचे माझं ऐकत नाहीत, आणि फसल्यावर मलाच सांगत नाहीत

पत्र बरंच मोठं आहे, नाव-गाव काढून थोडक्यात देते. लिहिणारे परदेशात सॉफ्टवेअरचं काम करतात आणि सिक्युरिटी हा त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. मायदेशी आई-बाबा आणि धाकटी बहीण असते. घरातले सगळे फोन आणि कॉम्प्युटर हेच लांबून सांभाळतात, बाबांच्या कॉम्प्युटरवर रिमोटने शिरून दुरुस्त्या करतात. त्यांचं मायदेशातलं जुनं सिम बाबांच्या फोनमध्ये आहे, बँकेचा ओटीपी आला की बाबा तो फोनवर वाचून दाखवतात. घरच्यांना त्यांनी नियमांची यादी करून दिली आहे: पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदला, कुठेही लिहून ठेवू नका, बाहेरचं वायफाय अजिबात वापरू नका, व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या कंपनीमार्फत झाकून नेणारं ॲप) कायम चालू ठेवा, कॅमेऱ्यावर पट्टी लावा, फोटो क्लाउडवर टाकू नका. कुणीच पाळत नाही. मध्यंतरी बाबांना एका ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून मेसेज आला की माझा कोड चुकून तुमच्याकडे आलाय, जरा सांगता का. त्यांनी सांगितला आणि त्यांचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हातात गेलं, त्यावरून नातेवाइकांकडे पैसे मागितले गेले, एक-दोघांनी पाठवलेही. मुलाला हे आठवड्याने कळलं, तेही बहिणीकडून. मग फोनवर 'किती वेळा सांगितलं होतं' झालं, आणि तेव्हापासून बाबा त्यांच्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलत नाहीत. त्यांचा प्रश्न असा: 'मला यातलं कळतं, हे माझं रोजचं काम आहे. घरच्यांनी माझं ऐकावं यासाठी मी नेमकं काय करू?'

तुमचं पत्र वाचताना काळजी ओळीओळीत दिसत होती. इतक्या लांब बसून आई-बाबांचा फोन कुणी लुबाडला हे कळणं आणि आपण काहीच करू शकलो नाही ही चुटपुट, हे फार अवघड आहे. तुम्ही चिडलात ते त्या भीतीतूनच चिडलात, हे मला समजतं, आणि बहुतेक तुमच्या बाबांनाही मनातून समजत असेल.

पण पत्रात तुम्ही जी गोष्ट एका वाक्यात उरकलीत तिथेच मी अडकले. बाबांनी तुम्हाला आठवडाभर सांगितलं नाही ही ती गोष्ट. कोड सांगितला ही चूक एका मिनिटाची होती आणि कुणाकडूनही होऊ शकते. त्यानंतरचा आठवडा मात्र सगळ्यात महागात पडला, कारण या प्रकारच्या फसवणुकीत पहिल्या तासात बरंच काही वाचवता येतं. बाबांनी लगेच आपल्याच फोनवर व्हॉट्सॲप पुन्हा उघडून आपला नंबर टाकला असता तर एसएमएसने नवा सहा आकडी कोड आला असता, आणि तो टाकला की समोरचा माणूस आपोआप बाहेर पडतो. त्याने मधल्या वेळात स्वतःचा टू-स्टेप पिन, म्हणजे एसएमएसच्या कोडनंतर विचारला जाणारा दुसरा आकडी कोड, लावून ठेवला असेल तर आपल्याला आत शिरायला सात दिवस थांबावं लागू शकतं, पण तो पिन माहीत नसला तरी एसएमएसचा कोड टाकल्या क्षणी त्याचा ताबा सुटतो. जुने मेसेज त्याच्या हाती लागत नाहीत कारण ते आपल्या फोनवर असतात, ग्रुप आणि नवे मेसेज मात्र दिसतात, आणि त्याचा सगळा धंदा त्या ग्रुपांवरच चालतो. ज्या ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून बाबांना मेसेज आला तोही बहुतेक याच पद्धतीने आधी फसलेला असणार, म्हणजे मेसेज खरंच ओळखीच्या अकाउंटवरून आला होता आणि बाबांनी ओळखीच्या माणसाला मदत केली, बस. सगळ्यांना साधे फोन केले असते, की माझ्या नावाने पैशाचा मेसेज आला तर देऊ नका, तर ते एक-दोन नातेवाईकही वाचले असते. हे सगळं तुम्हाला माहीत होतं, दहा मिनिटांत तुम्ही ते करून घेतलं असतं. तुमच्यापर्यंत बातमीच पोचली नाही.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून घेते. घरच्यांनी ऐकावं यासाठी काय करू, याच्या आधी हे बघूया की काही गडबड झाली तर त्यांनी पहिला फोन तुम्हालाच करावा यासाठी काय करता येईल. माझं प्रामाणिक मत आहे की घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेत याच्याइतकी कामाची दुसरी गोष्ट नाही, कुठलंही ॲप नाही, कुठलीही सेटिंग नाही.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला मला जरा जड जातंय पण सांगायलाच हवी. घरचे तुमचं ऐकत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. मला तर वाटतं बाबांनी तुमचं फार मन लावून ऐकलंय. जरा बघा, फोन येतो, मुलगा म्हणतो बाबा कोड आलाय का, बाबा चष्मा लावून आकडे वाचून दाखवतात, काम होतं, मुलगा थँक्यू म्हणतो. त्या एसएमएसमध्ये खाली लिहिलेलं असतं की हा कोड कुणालाही सांगू नका, आणि ती ओळ बाबांनी तुमच्यासाठी कितीतरी वेळा ओलांडली आहे, दरवेळी काहीही वाईट झालेलं नाही. मग ती ओळ त्यांना दिसेनाशी होणारच ना? कोड येतो, आपलं माणूस मागतं, आपण वाचून दाखवतो, ही सवय त्यांना तुमच्याबरोबरच लागली. त्या दिवशी मेसेजही आपल्या माणसाकडूनच आला होता. बँकांच्या अटीत सरळ कुणालाच सांगू नका असं असतं, त्यात मुलाला सूट नसते, आणि त्याला कारण हेच आहे की एकदा अपवाद केला की ऐकणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही.

रिमोटचंही तसंच. तुम्ही कॉम्प्युटरवर शिरता, बाण आपोआप हलायला लागतो, बाबा बाजूला बसून बघतात, तुम्ही म्हणता 'आता इथे होय दाबा', ते दाबतात. खोटे सपोर्टवाले अगदी हेच करतात, आणि बऱ्याचदा त्याच कायदेशीर रिमोट ॲपवरून करतात, त्यांना काही वेगळं हत्यार लागत नाही. ज्याला कळतं तो माणूस आत शिरून दुरुस्त करतो आणि आपण तो म्हणेल ते दाबायचं, एवढंच बाबांच्या डोक्यात पक्कं बसलंय. फोनची स्क्रीन शेअर केलेली असेल तर वर आलेला ओटीपीसुद्धा समोरच्याला दिसू शकतो, म्हणजे वाचून दाखवायचीही गरज राहत नाही.

हे तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून अजिबात लिहीत नाहीये. परदेशात राहणाऱ्या किती घरांतून हे असंच चालतं, दुसरा मार्ग हाताशी नसतो म्हणून चालतं. पण सुरुवात इथून करता येईल आणि ती तुमच्या हातात आहे, बाबांनी काही बदलायच्या आधी तुम्ही बदलू शकता.

तर आधी ते सिम. ते तुमच्याकडे यायला हवं. कंपनी रोमिंगवर एसएमएस येऊ देत असेल तर पुढच्या भेटीत ते घेऊन जा आणि तुमच्या फोनमधल्या दुसऱ्या सिमच्या खाचेत टाका, बऱ्याच कंपन्या जुनं सिम ई-सिममध्ये (फोनच्या आतच असणारं, कार्ड नसलेलं सिम) बदलून देतात, फोनमध्ये दोन नंबर सहज राहतात. बँकेला विचारा की परदेशातला नंबर नोंदवता येतो का, किंवा ओटीपीऐवजी त्यांच्या ॲपमधूनच मंजुरी देता येते का, बऱ्याच बँकांत ही सोय असते आणि आपण विचारलेलंच नसतं. बँक सोडून बाकीची जी अकाउंट त्या नंबरवर टांगलेली आहेत, ईमेल, खरेदीच्या साइट, ती एकेक करून ऑथेंटिकेटर ॲपवर न्या. ते कोड फोनच्या आतच तयार होतात, साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतात, त्यांना ना सिम लागतं ना नेटवर्क, त्यामुळे देश बदलला तरी फरक पडत नाही. ते लावताना बॅकअप कोड मिळतात ते कागदावर उतरवून ठेवायला विसरू नका, नाहीतर फोन हरवल्यावर स्वतःच्याच दाराबाहेर उभं राहायची वेळ येते. आणि सिमला स्वतःचा पिन लावता येतो हे पुष्कळांना माहीतच नसतं, तो लावला की फोन चोरीला गेला तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकून तुमचे कोड घेता येत नाहीत.

हे व्हायला वेळ लागेल, तोवर मधल्या काळासाठी एकच बदल करा: कोड हवा असेल तेव्हा तुम्ही बाबांना फक्त मेसेज करायचा, आणि बाबांनी फोनमध्ये सेव्ह असलेल्या तुमच्या नंबरवर स्वतः फोन लावायचा. आलेल्या फोनवर कधीच कोड सांगायचा नाही, तुमचा आवाज असला तरी नाही, मेसेजमध्ये टाइप करून तर नाहीच. आवाजाचं म्हणते कारण हल्ली थोड्याशा रेकॉर्डिंगवरून कुणाचाही आवाज बऱ्यापैकी हुबेहूब काढता येतो. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, कुठेही टाइप न केलेला, आणि पैशाची घाई असलेल्या कुठल्याही फोनवर तो विचारायचा. तुम्हालाही विचारायचा, आणि त्यांनी विचारला तर तुम्ही वैतागायचं नाही, उलट बरं वाटलं असं सांगायचं.

रिमोटसाठीही असंच काहीतरी ठरवा. आधी व्हिडिओ कॉल, चेहरा दिसला की मगच कनेक्शन, काम झालं की ॲप बंद, आणि पासवर्ड टाकून केव्हाही शिरता येईल अशी सेटिंग असेल तर ती काढूनच टाका. शक्य असेल तिथे तुम्ही हात न लावता बाबांनाच करू द्या, तुम्ही फक्त सांगा. वेळ लागेल, तुम्हाला कंटाळा येईल, पण मशीन त्यांच्या हाताखालचं आहे हे त्यांना जाणवायला हवं.

आता तुमच्या यादीकडे येते. तुम्ही जाणकार आहात त्यामुळे थोडं मोकळेपणाने बोलते: त्यातले बरेच नियम जुने झालेत, काही मुळात घरासाठी नव्हतेच.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा हा नियम बघा. अमेरिकेत निस्ट नावाची सरकारी संस्था आहे, ती यातली मानकं ठरवते आणि जगभरच्या कंपन्या त्यावरून आपले नियम करतात. २००३ मध्ये तिथल्या बिल बर यांनी पासवर्डची मार्गदर्शक तत्त्वं लिहिली, कॅपिटल हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, ठरावीक काळाने बदलायला हवा, आणि हे सगळं ऑफिसा-ऑफिसांत पसरलं. २०१७ मध्ये निस्टनेच ती भूमिका बदलली, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्याशिवाय उगाच बदलायला लावू नका असं सांगितलं, आणि बर यांनी स्वतःही त्या जुन्या सल्ल्याबद्दल जाहीरपणे खंत बोलून दाखवली. कारण साधं आहे, सारखं बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवतो आणि पुढे जातो. तुमच्या आईने तेच केलं असणार, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

लिहून ठेवू नका, हेही तसंच. ऑफिसमध्ये स्क्रीनला चिकटवलेली चिठ्ठी धोक्याची हे कबूल. पण घरातल्या कपाटात ठेवलेल्या वहीपर्यंत पोचायला चोराला घरात यावं लागतं, आणि आई-बाबांना ज्यांच्यापासून धोका आहे ती माणसं हजारो मैलांवरून बसल्या जागी प्रयत्न करत असतात. ब्रूस श्नायर यांच्यासारख्या नावाजलेल्या तज्ज्ञाने २००५ मध्येच सांगून ठेवलंय की चांगला पासवर्ड कागदावर लिहा आणि तो कागद पैशाच्या पाकिटासारखा जपा. वही नको म्हटलं की माणूस सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो, आणि खरा धोका तो आहे, कारण कुठल्यातरी छोट्या साइटवरून ईमेल-पासवर्डची जोडी फुटली की तीच जोडी बाकी शेकडो ठिकाणी आपोआप लावून बघितली जाते. सिक्युरिटीतले तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या हॅव आय बीन पॉन्ड या साइटवर आपला ईमेल टाकून तो कुठल्या गळतीत सापडलाय का ते बघता येतं. घरच्या सगळ्यांचे ईमेल तिथे एकदा तपासा, त्यांना दाखवत तपासा, नुसतं सांगण्यापेक्षा ते जास्त पटतं. बहिणीला पासवर्ड मॅनेजर जमेल, आईला कदाचित वहीच बरी, दोन्ही चालतं.

बाहेरच्या वायफायची भीती कुठून आली तेही तुम्हाला आठवत असेल. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक ब्राउझरचं एक्स्टेंशन आलं होतं, ते टाकलं की त्याच वायफायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या सोशल मीडियाच्या अकाउंटमध्ये एका क्लिकवर शिरता यायचं. भीती खरी होती. पण त्यानंतर वेबसाइट हळूहळू एचटीटीपीएसवर, म्हणजे वाटेतला मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर, गेल्या, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०१५ पासून त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) फुकट द्यायला सुरुवात केल्यावर तर छोट्या साइटनाही सबब उरली नाही, आणि आज बँक, ईमेल, मेसेज हे सगळं वाटेत एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेलंच असतं. म्हणून एअरपोर्टवर बहिणीने वायफाय वापरलं यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. ब्राउझरने सर्टिफिकेटची धोक्याची पाटी दाखवली तर पुढे जायचं नाही, एवढं तिला सांगा, ते महत्त्वाचं आहे. व्हीपीएनमुळे त्या वायफायवाल्याला तुम्ही कुठे जाता ते दिसत नाही, मग ते व्हीपीएन कंपनीला दिसतं. खोट्या लिंकवर पासवर्ड टाकला तर तो एन्क्रिप्ट होऊन सुखरूप चोराकडे पोचतो, व्हीपीएन असो वा नसो. फुकटचं व्हीपीएन तर आई-बाबांच्या फोनवर नकोच.

कॅमेऱ्यावर पट्टी लावायची असेल तर लावू दे, त्यावर मी वेळ घालवणार नाही.

फोटो क्लाउडवर नकोत याला मात्र माझा खरंच विरोध आहे. तुमच्या मनात प्रायव्हसी आहे, मला ती कळते, मलाही तिची किंमत आहे. पण फोन पडतो, पाण्यात जातो, चोरीला जातो, आणि आई-बाबांच्या वयात त्या फोनमधल्या फोटोंइतकं मोलाचं त्या फोनमध्ये काहीच नसतं. कुणीतरी आपले फोटो बघेल यापेक्षा ते कायमचे जातील ही शक्यता त्यांच्यासाठी कितीतरी मोठी आहे. क्लाउड नको असेल तर बहिणीकडे एक हार्डडिस्क द्या आणि महिन्यातून एकदा कॉपी करायचं काम तिच्याकडे सोपवा, पण बॅकअप नसलेल्या फोनला सुरक्षित म्हणू नका.

एक लक्षात घ्या, तुमच्या ऑफिसात मागे एक पूर्ण डिपार्टमेंट असतं, विसरलेला पासवर्ड काढून देणारं, संशयास्पद ईमेल तपासणारं, लॅपटॉप बदलून देणारं. नियम कडक ठेवता येतात कारण अडलेल्या माणसाला उचलणारं कुणीतरी तिथे बसलेलं असतं. घरी तसं कुणी नाही, आणि तुम्ही तर झोपलेले असता कारण तुमच्याकडे रात्र असते. म्हणून घरी नियम थोडेच हवेत, पण असे की तुम्ही फोन उचलला नाहीत तरी निभावतील.

मला विचाराल तर मी आधी ईमेल धरेन, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. त्याला वेगळा मोठा पासवर्ड, चार-पाच असंबद्ध शब्दांचा, आणि टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा. जिथे पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्येच राहणाऱ्या डिजिटल चावीची, सोय आहे तिथे पासकी लावा. २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून त्याला पाठिंबा जाहीर केला आणि आता पुष्कळ ठिकाणी ती चालते, बोट किंवा चेहरा दाखवला की काम होतं. मला ती आई-बाबांसाठी फार आवडते, कारण पासकी ठरावीक साइटलाच बांधलेली असते, खोट्या साइटवर ती चालतच नाही, आणि फोनवर कुणाला वाचून दाखवावं असं तिच्यात काही नसतंच. व्हॉट्सॲपवर टू-स्टेप पिन लावून घ्या, सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, हा पिन असता तर नुसत्या एसएमएसच्या कोडवर बाबांचं अकाउंट गेलं नसतं. व्हॉट्सॲपमध्येच लिंक्ड डिव्हाइसेसची, म्हणजे अकाउंटला जोडलेल्या इतर फोन-कॉम्प्युटरची, यादीही बघा, अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. पिनला ईमेल जोडा, म्हणजे विसरला तरी नवा लावता येतो.

अपडेटबद्दल मात्र मी तुमच्याइतकीच हट्टी आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा कॉम्प्युटरमधल्या फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं कामकाज कोलमडलं, आणि ज्या दोषातून तो शिरला त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती करणारा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला होता ते वाचले. बाबांचा कॉम्प्युटर अजून विंडोज १० वर असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याचं काहीतरी करावं लागेल. फोनही बघा, अपडेट यायचे बंद झालेला फोन बँकेच्या कामाला वापरू नये. तुम्ही दर भेटीला काही ना काही घेऊन जातच असाल, पुढच्या वेळी हे आधी बघा.

आता बाबांशी बोलायचं कसं, कारण शेवटी सगळं तिथेच येतं. आपल्या नावावर दुसऱ्याने नातेवाइकांचे पैसे नेले ही गोष्ट त्यांना आतून खात असणार. त्यांच्या पिढीला पैशापेक्षा शब्द गेला याचं दुःख जास्त असतं. तुम्ही फोन करा आणि पहिल्यांदा त्या रागाबद्दल माफी मागा, सरळ, 'पण' न लावता. मग त्यांना सांगा की मीच तुम्हाला कोड वाचायची सवय लावली, ती आता आपण दोघं मिळून मोडूया. हे खरं आहे आणि त्यांना ते ऐकायची गरज आहे. नातेवाइकांशी बोलायचं ओझं त्यांच्यावर एकट्यावर टाकू नका, ज्यांचे पैसे गेले त्यांना तुम्ही स्वतः फोन करा, काय झालं ते समजावून सांगा, त्यांनी आपल्या बँकेकडे आणि पोलिसांकडे तक्रार केली आहे का ते विचारा, नसेल तर करायला मदत करा. उशीर झालाय, पैसे परत मिळतीलच असं नाही, तरी तक्रार असलेली बरी.

आणि मग बाबांकडून एकच शब्द घ्या, की पुन्हा काही विचित्र झालं, नुसती शंका जरी आली, तरी रात्री-अपरात्री फोन करायचा. बदल्यात तुम्ही शब्द द्या की त्या फोनवर पहिली दहा मिनिटं तुम्ही एकही प्रश्न असा विचारणार नाही ज्याची सुरुवात 'तुम्ही का' अशी होते. आधी काय झालं, मग काय करायचं, बाकी सगळं नंतर. हा शब्द पाळणं सोपं नाही, विशेषतः झोपेतून उठून. एखादा दिवस ते खोट्या धास्तीने फोन करतील, साधा जाहिरातीचा मेसेज असेल, तेव्हा चांगलं केलंत विचारलंत म्हणा. त्या फोनवर तुम्ही कसे बोलता यावर पुढचा फोन येणार की नाही हे ठरतं.

धमकी देणारे किंवा घाई करणारे फोन आले तर काय करायचं हेही एकदा बोलून ठेवा. फोन ठेवायचा, समोरचा काहीही म्हणो, पोलीस म्हणो, बँक म्हणो, फोन ठेवायचा आणि पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा नंबर बघून आपण लावायचा. फोन ठेवणं उद्धटपणा वाटतो म्हणून पुष्कळ वडीलधारी माणसं ठेवत नाहीत, ऐकत राहतात, आणि ऐकत राहिलं की अडकतात. त्यांना तुमच्या तोंडून ऐकू दे की फोन आपटला तरी चालेल.

बहिणीलाही यात घ्या. ती तिथे आहे, बाबांनी तुमच्याआधी तिला सांगितलं, म्हणजे विश्वास आहे. तिला तुमची हेर करू नका, बाबांनी काय केलं ते मला कळव असं नको. तिला शिकवा, आणि जे निर्णय ती घेईल ते तुमच्या पद्धतीने नसले तरी मानून घ्या. फोन बाबांचा आहे, आईचा आहे. कुठलं ॲप ठेवायचं, कुठलं काढायचं हे शेवटी त्यांनी ठरवायचं, तुम्ही कारण सांगायचं, पटलं नाही तर सोडून द्यायचं, निदान जिथे पैसे किंवा ईमेलचा प्रश्न नाही तिथे तरी.

तुमच्यासारखेच लांब राहून घरचं सगळं डिजिटल सांभाळणारे बरेच जण हे वाचत असतील, त्यांना आणि तुम्हाला अजून एक विचारते: सगळ्या चाव्या तुमच्याकडे आहेत, मग उद्या तुमचाच फोन हरवला, किंवा तुम्ही आजारी पडलात, तर घरच्यांचं काय? वडिलांच्या ईमेलचा रिकव्हरी नंबर (अकाउंट अडकलं तर परत मिळवायला लागणारा फोन नंबर) तुमचा, राउटरचा पासवर्ड फक्त तुम्हाला माहीत, फोटोंचं अकाउंट तुमच्या नावाने, आणि तुमच्या स्वतःच्या खात्यांबद्दल घरात कुणालाच काही माहीत नाही, हे मी अनेक पत्रांत बघते. गूगलमध्ये इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, त्यात तुम्ही ठरवलेल्या काळापर्यंत, तीन महिन्यांपासून पुढे, अकाउंट वापरलं गेलं नाही तर तुम्ही निवडलेल्या माणसाला कळवलं जातं आणि तुम्ही परवानगी दिलेला डेटा त्याला घेता येतो. ॲपलमध्ये आयओएस (आयफोनची प्रणाली) १५.२ पासून लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यामागे अकाउंट उघडू शकणारा माणूस, नेमता येतो, त्या माणसाला एक ॲक्सेस की मिळते, ती मृत्यूच्या दाखल्याबरोबर दिली की फोटो वगैरे उघडता येतात. दोन्ही आजच लावून टाका आणि त्यासाठी बहिणीचं नाव द्या. घरच्या अकाउंटवर तुमच्याबरोबर तिचाही रिकव्हरी नंबर घाला. बॅकअप कोडची एक प्रत पाकिटात बंद करून तिच्याकडे ठेवायला द्या, आणि कुठलं पाकीट कशाचं हे आई-बाबांनाही सांगा.